ॲप नंतर बघू, आधी जेटीवर उघडेल असं पान करूया



1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी वर काढल्यात, जाळ्यांची डागडुजी चाललीय. या दोन महिन्यांत सोसायटीचंही एक राहिलेलं काम उरकायचं ठरलंय, ते म्हणजे आपली वेबसाइट. कमिटीत दोन मतं आहेत. तरुण मंडळी म्हणतात, आता सगळ्यांकडे फाइव्ह-जी फोन आलेत, ॲपच काढूया. आमचं मत वेगळं आहे, ते इथे उघडपणे मांडतो.

आधी गेल्या वर्षीची गोष्ट, कारण चूक आमचीच होती. डिझेलच्या परताव्याचे अर्ज द्यायची शेवटची तारीख आम्ही वेबसाइटवर टाकली. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर झकास दिसत होती. पण नोटीस म्हणजे लेटरहेडचा काढलेला फोटो, आणि तिच्या वर बोटींचे पाच सरकते फोटो. जेटीवर पान नुसतं गोल गोल फिरत राहिलं. ज्यांना उघडलं त्यांना अक्षरं बारीक. तीन बोटमालकांची तारीख हुकली. नोटीस लावली होती, हे आम्ही कागदावर दाखवू शकतो. पण ज्याच्यासाठी लावली त्याला ती वाचता आली नाही, तर लावून उपयोग काय?

जरा हिशेब करा. फोनवर काढलेला एक फोटो सहज 4-5 एमबीचा असतो. जेटीच्या टोकाला नेटवर्क पडलं आणि सेकंदाला 100 किलोबिट एवढाच वेग मिळाला, तर 5 एमबी उतरायला साधारण सात मिनिटं लागतात. तोच फोटो रुंदीला 1000 पिक्सेल करून 100 केबीपर्यंत आणला तर आठ सेकंद. आणि नोटीस साध्या अक्षरात टाइप केली तर ती दोन-चार केबीत बसते. फाइव्ह-जी भारतात 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं, चांगलंच आहे. पण आपल्याला पान करायचंय ते सर्वात जुन्या फोनसाठी आणि सर्वात कमी रेंजसाठी. तिथे चाललं की नव्या फोनवर चालतंच.

म्हणून नव्या पानासाठी आमचा आग्रह एवढाच:

1. नोटीस आणि दर युनिकोड मराठीत टाइप केलेले हवेत, फोटोत नकोत. टाइप केलेला मजकूर मोठा करता येतो, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवता येतो, गूगलवर सापडतो, आणि ज्यांना वाचायला जड जातं त्यांना फोन तो वाचूनही दाखवू शकतो. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा.

2. पांढऱ्यावर काळी, मोठी अक्षरं. काळ्या पडद्यावरची फिकट अक्षरं रात्री बरी वाटतात, भर उन्हात दिसत नाहीत.

3. ऑफिसचा नंबर दाबला की थेट फोन लागावा. बोटं ओली असतात, म्हणून बटणं मोठी आणि एकमेकांपासून लांब.

4. प्रत्येक नोटिशीवर तारीख आणि वेळ. हवामानाचा इशारा मात्र आपण कॉपी करून टाकायचा नाही, हवामान खात्याची आणि हैदराबादच्या इन्कॉइसची थेट लिंक द्यायची. कालचा इशारा आजचा समजून कोणी बोट बाहेर काढली, तर त्याची भरपाई कुठलीच सोसायटी करू शकत नाही.

ॲपचं म्हणाल तर ते वाईट नाही. पण ते काढण्यापेक्षा सांभाळणं जड. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीप्रमाणे ते बदलत राहावं लागतं, नाहीतर नव्या फोनवाल्यांना प्ले स्टोअरवर दिसेनासं होतं. आयफोनसाठी दरवर्षी 99 डॉलर भरा ते वेगळंच. आणि खलाशांच्या फोनात जागा कुठे असते? एकदा उघडलेलं पान रेंज नसतानाही दिसेल, अशी सोय साध्या वेबसाइटवरही करता येते.

कोणी म्हणेल, मग हे सोशल मीडियाचं पेज आहेच की, वेबसाइट तरी कशाला? कारण ही जागा आपली नाही. गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये बंद झालं, टिकटॉक जून 2020 मध्ये आपल्या देशात बंद झालं. तिथे ज्यांचं सगळं होतं त्यांना नव्याने सुरुवात करावी लागली. पेज गप्पागोष्टींना, फोटोंना ठेवूया. दर, तारखा, अर्ज स्वतःच्या पत्त्यावर हवेत. आणि तो पत्ता, म्हणजे डोमेन, सोसायटीच्या नावावर आणि सोसायटीच्या ईमेलवर नोंदवलेला हवा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर नको. बोट आपली आणि लायसन्स दुसऱ्याच्या नावावर, असं आपण कधी चालवून घेतो का?

नवं पान तयार झालं की ऑफिसात नाही, जेटीच्या टोकाला उभं राहून तपासणार आहोत. त्या दिवशी घरातला सर्वात जुना, काच फुटलेला फोन घेऊन या. त्यावर नोटीस वाचता आली तरच आम्ही पास करू. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी खाली जरूर लिहा, किंवा ऑफिसात या, बसून बोलूया.

आपले,
सेक्रेटरी, सोसायटीतर्फे