घरच्या संगणकाला राखणदार कोणता ठेवावा?



जुन्नर-आंबेगावात बिबट्याची भीती असल्याने दिवेलागणीला गोठ्याचे दार लावल्याशिवाय कुणी स्वस्थ बसत नाही. घरात पोरांसाठी आणलेल्या संगणकाच्या दाराकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. उसाचे बिल आता बँक खात्यात जमा होते, सात-बारा संगणकावर निघतो. सबब, हा विषय शहरवाल्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून चोरट्यांनी संगणकाच्याच वाटेने सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर आपलं काय?

फायरवॉल म्हणजे संगणकाच्या फाटकावरचा राखणदार. न बोलावता इंटरनेटवरून आत शिरू पाहणाऱ्याला तो अडवतो. तो विकत आणावा का, असे सभासद विचारतात. आमचे मत असे की, आधी घरात आहे तो पाहावा. विंडोजमध्ये फायरवॉल असतेच आणि २००४ सालच्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती चालू स्थितीतच येते. कुणी बंद तर केली नाही ना, एवढे बघा. ही फायरवॉल बाहेरून येणाऱ्याला अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा विचारत नाही. तेही विचारणारा राखणदार हवा असेल तरच वेगळी घ्यावी. पण तो घडोघडी 'परवानगी द्यायची का?' म्हणून विचारणार. कंटाळून दर वेळी 'होय' दाबणार असाल, तर पैसे कशाला घालवायचे?

पुण्याच्याच क्विक हीलसारख्या कंपन्यांच्या विकतच्या संचांत अँटिव्हायरससोबत फायरवॉलही मिळते. तसा संच घेतला तर वर आणखी तिसऱ्याची फायरवॉल घालू नका. एका फाटकावर दोन राखणदार ठेवले की ते आपसातच भांडतात. परक्या ठिकाणच्या वाय-फायला जोडताना संगणक विचारील, तेव्हा 'सार्वजनिक' हाच पर्याय निवडा.

राखणदारापेक्षा भिंत महत्त्वाची. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे मोफत अद्ययावतीकरण थांबवले. भिंतीला भगदाड असेल तर फाटकावरचा माणूस काय करणार? आमच्या मते फायरवॉलच्या आधी खर्च करायचा तो इथे.

आणि एक ध्यानात ठेवा. आपणच कडी काढली तर कोणतीही फायरवॉल वाचवत नाही. 'पीएम किसान'च्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, ओटीपी कुणाला सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे अवघड.

वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचा पैसा आहे. तो राखायला आधी सावधपणा लागतो, आणि त्याला पैसा पडत नाही.