अगस्त्यांचा घट की मिनोट्टोचा?

१/ खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची नावाजलेली पेठ. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब–खामगाव लोहमार्ग सुरू झाला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मुख्य मार्गावरील स्थानकांतून गाड्या त्याआधीच धावू लागल्या होत्या. लोहमार्गाबरोबर तारायंत्र येई आणि तारायंत्राला वीज लागे. ती रासायनिक घटांतून मिळे.

२/ भारतीय तार खात्यात त्या शतकात मिनोट्टोचा घट वापरात होता. तळाशी तांब्याचा पत्रा, त्यावर मोरचुदाचे खडे, त्यावर ओला भुसा किंवा वाळू, सर्वांत वर जस्ताची चकती. डॅनियलने १८३६ मध्ये सिद्ध केलेल्या घटाचेच हे सुटसुटीत रूप.

३/ आता ‘अगस्त्यसंहिते’तील म्हणून फिरवले जाणारे श्लोक पाहावेत. मातीचे पात्र, तांब्याचा पत्रा, मोराच्या मानेच्या रंगाचा पदार्थ, ओला भुसा, वर पारा लावलेले जस्त. घटकही तेच, क्रमही तोच! जस्ताला पारा लावण्याची युक्तीसुद्धा युरोपात १८३०च्या आसपास रूढ झालेली. तार खात्यातील कोणत्याही संस्कृतज्ञ कर्मचाऱ्याला हे श्लोक एका दुपारी रचता आले असते.

४/ पुरावा म्हणून नागपुरातील १९९०च्या एका प्रयोगाचे आकडे सांगितले जातात: खुल्या परिपथात १.१३८ व्होल्ट, शॉर्ट सर्किटमध्ये २३ मिलिअँपिअर. हे आकडे जसेच्या तसे मान्य करावेत. तांबे-जस्ताच्या डॅनियल घटाचे विभवांतर सुमारे १.१ व्होल्टच असते. प्रयोगाने रसायनशास्त्र सिद्ध झाले. श्लोकांचे वय व्होल्टमीटरवर दिसत नाही.

५/ उत्साही मंडळी या दोन आकड्यांचा गुणाकार करून २६ मिलिवॅट शक्ती सांगतात. हा गुणाकारच चुकीचा आहे. खुल्या परिपथात धारा शून्य असते आणि शॉर्ट सर्किटमध्ये टोकांवरील विभवांतर शून्य असते, म्हणजे दोन्ही आकडे एकाच क्षणी कधीच मिळत नाहीत. त्यांच्या भागाकारातून मात्र घटाचा अंतर्गत रोध निघतो: १.१३८ ÷ ०.०२३ = सुमारे ४९.५ ओहम. बाहेरचा रोधही तेवढाच ठेवला, तर सर्वाधिक शक्ती मिळते: ०.५६९ व्होल्ट × ११.५ मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ६.५ मिलिवॅट.

६/ श्लोकांतले शंभर घट एकसर जोडले, तर विभवांतर ११३.८ व्होल्ट होईल, पण रोधही ४९५० ओहम होईल. धारा २३ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. शंभर मडक्यांतून मिळेल ती पाऊण वॅटहूनही कमी शक्ती.

७/ अगस्त्यसंहिता नावाचा ग्रंथ खरोखर आहे. तो रामोपासनेचा असून साधारण बाराव्या शतकातला मानला जातो. त्यात घट नाही. अभिमान बाळगायचाच असेल, तर राजस्थानातील झावरला ऊर्ध्वपातनाने जस्त काढणाऱ्या कारागिरांचा बाळगावा. त्यांच्या भट्ट्या आणि मुशी जमिनीतून निघाल्या आहेत, कोणीही जाऊन मोजाव्यात. श्लोकवाल्यांनीही तेवढेच करावे: मूळ हस्तलिखित कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या लिपीत, कोणत्या क्रमांकाने ठेवले आहे, ते सांगावे.