राजवाडा आणि बोर्डिंग

या शनिवारी गडहिंग्लजला घरी आलो होतो. बोलता बोलता सांगून टाकलं की आमच्या कंपनीतर्फे आम्ही एका शाळेत दप्तरं वाटली. फोटो पण दाखवले. आजोबांनी फोटो नीट बघितले आणि विचारलं, "पुढच्या वर्षी कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजोबा १९५० च्या आसपास कोल्हापूरच्या बोर्डिंगात राहून शिकले. गावातून भाकऱ्यांचं गाठोडं जायचं. ते बोर्डिंग नसतं तर ते शेतावरच राहिले असते, आणि मी आज पुण्यात कोड लिहीत बसलो नसतो. ही बोर्डिंगांची कल्पना कोणाची, हे आमच्या भागात सांगायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराज.

आपण सहज म्हणतो, "राजाच तो, मन मोठं असणारच." मला हे पटत नाही. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात महाराजांबरोबर बरेच राजपुत्र शिकले. त्यातल्या किती जणांची जयंती आज लोक आपणहून करतात? नुसत्या राजेशाही संगोपनाने करुणा येत असती तर संस्थानी हिंदुस्थान म्हणजे स्वर्गच झाला असता की!

मग फरक कुठे पडला? एक गोष्ट बघा. शाहू महाराज जन्मले (१८७४) ते कागलच्या घाटग्यांच्या घरात, यशवंतराव म्हणून. कोल्हापूरला दत्तक गेले १८८४ साली. बडोद्याचे सयाजीराव तर कवळाण्याच्या शेतकरी घरातले, १८७५ साली दत्तक गेलेले. आपले दोन सगळ्यात मोठे सुधारक राजे, आणि दोघंही गादीवर बाहेरून आलेले! घाटगे जहागीरदार होते, गरीब नव्हते, हे मान्य. पण गादी हा आपला जन्मसिद्ध हक्क नाही, ती आपल्याला मिळाली आहे, ही जाणीव दहा वर्षांच्या मुलालाही राहत असेल असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट अपमानाची. १८९९ च्या सुमारास वेदोक्त प्रकरण झालं. पुरोहित महाराजांसाठी वेदोक्त नाही तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, का तर त्याच्या लेखी छत्रपतीसुद्धा शूद्र. राजाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय? दुसरा एखादा राजा पुरोहित बदलून गप्प बसला असता. हा माणूस तिथे थांबला नाही.

आणि इथेच खरा मुद्दा आहे. महाराजांनी दया वाटली नाही, तिची व्यवस्था केली. १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं. २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागांचा हुकूम. १९१७ साली सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड! दान राजाच्या लहरीवर चालतं. हुकूम आणि तिजोरीतला पैसा मात्र राजा झोपला तरी चालू राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रोज हाताने डेटा दुरुस्त करण्यापेक्षा प्रोग्रॅमच नीट लिहिलेला बरा :)

म्हणजे राजवाड्याने काहीच दिलं नाही का? दिलं ना. अधिकार दिला, शिक्षण दिलं, आणि विरोध झाला तरी न डगमगण्याची सवय दिली. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा प्यायचे, तेव्हा त्या एका कपामागे अख्खं संस्थान उभं होतं. तोच चहा मी प्यायलो असतो तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण अधिकार कुठे वापरायचा हे राजवाडा शिकवत नाही. ते बाहेरूनच शिकावं लागतं.

महाराज ६ मे १९२२ ला गेले. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी माझे आजोबा बोर्डिंगात जेवत होते. पुढच्या वर्षी कोण देणार, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

सोमवारी ऑफिसात विचारणार आहे, दप्तरांऐवजी चार मुलांची दहावीपर्यंतची सोय करता येईल का. फोटो एकच निघेल, तोही दहा वर्षांनी. बघू, काय म्हणतात ते.