शोभेच्या चित्रांवरील आक्षेप

'हीं चित्रें नव्हेत. श्रीमंतांच्या दिवाणखान्याची नुसती शोभा आहे,' असें म्हणून एकोणिसाव्या शतकांतील फ्रेंच चित्रकारांनीं भिंतींसाठीं रंगविलेलीं उपवनें, मंडप आणि वनराया यांची बोळवण करण्याची कित्येक रसिकांस संवय जडली आहे. हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

प्रथम श्रीमंतीचा आक्षेप घेऊं. प्युव्ही द शाव्हान याचें १८८४ सालचें 'कलादेवतांचें पवित्र वन' पाहावें. तळ्याकांठीं स्तंभांचा एक लहानसा मंडप, भोंवतीं शांत झाडी, आणि तींत विसांवलेल्या कलादेवता! हें निवांत स्थळ कोणा सरदाराच्या महालांत नसून लियाँ शहराच्या कलासंग्रहालयांतील जिन्यावर आहे. व्हुयार यानें १८९४ सालीं पॅरिसमधील अलेक्झांद्र नातांसाँ यांच्या घरासाठीं 'सार्वजनिक उद्यानें' हे नऊ फलक रंगविले. घर धनिकाचें खरें. पण चित्रांत आहेत त्या मुलें सांभाळणाऱ्या दाया आणि बागेंत खेळणारीं शहरांतील मुलें. धनिकाच्या भिंतीवर चित्रकारानें सर्वांची बाग आणून ठेविली, यास खुशामत कसें म्हणावें?

दुसरा आक्षेप असा, कीं या चित्रांत खोली नाहीं, सर्व सपाट आहे. पण भिंतीला भगदाड पडल्याचा भास उत्पन्न करणें हेंच चित्रकाराचें कर्तव्य, असें कोणीं ठरविलें? प्युव्हीनें रंग फिके व बिनझिलईचे ठेविले. व्हुयारनें तेलाऐवजीं सरसांत कालविलेले रंग घेतले. चित्र भिंतीशीं एकजीव व्हावें, हाच हेतु. जो गुण बुद्धिपुरस्सर साधला, तोच दोष म्हणून दाखविणें हा न्याय नव्हे.

खरा अन्याय तर निराळाच आहे. मोने यानें १८७६ सालीं ओशदे या कापडव्यापाऱ्याच्या माँजरों येथील वाड्यासाठीं चार मोठीं चित्रें काढलीं. पुढच्याच वर्षीं व्यापाऱ्याचें दिवाळें वाजलें, आणि आज तीं चित्रें एके ठिकाणीं नाहींत. व्हुयारचे फलकही १९२९ सालीं विकले गेले. त्यांतील पांच पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयांत आहेत, बाकीचे दूरदूर पांगले. माळ तोडून एकेक मणी निराळा करावा, आणि मग त्यांत सूत्र नाहीं म्हणून मण्यालाच बोल लावावा, हा कोठला रसिकपणा?

शोभा हा शब्द शिवी नव्हे. अशा चित्रापुढें उभें राहतांना त्याची हरवलेली खोली प्रथम मनांत उभी करावी, आणि मगच निवाडा द्यावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.