सीमोल्लंघनाच्या दिवशी मिटलेले दार

विजयादशमीची पहाट उजाडली की मराठी घराचा उंबरठा जागा होतो. दाराला झेंडूचे तोरण चढते, पाटीवर सरस्वती रेखली जाते, अवजारांना गंधाक्षता लागतात आणि तिसऱ्या प्रहरी माणसे सीमोल्लंघनास बाहेर पडतात. घर उघडे टाकून बाहेर जाण्याचा हा दिवस आहे. परंतु काही वर्षी याच दिवशी, याच महाराष्ट्रात, मराठीच बोलणाऱ्या काही घरांची दारे आतून मिटलेली असतात, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? ती घरे बेने इस्रायली यहुद्यांची. त्यांचा प्रायश्चित्ताचा महादिवस, योम किप्पूर, हा त्यांच्या तिश्री महिन्याच्या दशमीस येतो. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आपली विजयादशमी व त्यांची ही दशमी एकाच दिवशी आली होती. घटस्थापना आणि त्यांचे नववर्ष यांचीही २०२४ साली अशीच गाठ पडली.

यात चमत्कार काही नाही. त्यांचे पंचांगही चंद्रावर चालते आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरते. आपला अधिकमास आणि त्यांचा अधिकमास निरनिराळ्या वेळी पडला की सण महिनाभर मागेपुढे होतात, जसे २०२३ साली झाले. नाही तर ते हातात हात घालून येतात. तेव्हा आजच्या दिवशी आम्ही त्या मिटलेल्या दारापाशी क्षणभर थांबावे म्हणतो आणि आतल्या गृहिणीच्या दृष्टीने वर्षाकडे पाहावे म्हणतो.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार प्राचीन काळी एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू विसरली गेली. ही माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणून ओळखली जाऊ लागली. पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर ही त्यांची आडनावे आपल्या गावांचीच. कोकणाने त्यांना धर्मावरून कधी उठविले नाही. परंतु ग्रंथ नाही, मंदिर नाही, गुरू नाही, अशा स्थितीत शतकानुशतके त्यांचा धर्म राहिला कोठे?

याचे उत्तर त्यांच्याच एका आख्यायिकेत आहे. दाविद रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. ही माणसे आपल्याच धर्माची आहेत की नाहीत याची परीक्षा घेण्यासाठी त्याने घरातील स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. स्त्रियांनी पर आणि खवले असलेली मासळी तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला सारली. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच. पंडिताला जी खूण पोथीत सापडली नसती ती त्याला चुलीपाशी सापडली. धर्म तेथे राहिला होता!

आजही त्या घरातले वर्ष स्त्रीच्याच हातून फिरते. शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी ती शब्बाथचा दिवा लावते. जुन्या घरांतून काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून त्यात वात ठेवण्याची रीत होती. दिवा लावून, डोळ्यांवर हात धरून ती आशीर्वचन म्हणते आणि मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत घरातले काम थांबते. प्रार्थनेसाठी द्राक्षरस हवा. तो कोकणात कोठला? तिने काळ्या मनुका भिजवून त्यांचे सरबत केले. मांसान्नाबरोबर दूध वर्ज्य. तिने नारळाचा रस घेतला. नववर्षाला गव्हाचा चीक नारळाच्या रसात आटवून ती हलवा करते. शास्त्र दूरदेशीचे, परंतु त्याचे पालन मात्र परसातल्या माडाने घडविले.

सणांची जुनी नावे ऐकली तर ती आपल्याच आजीच्या तोंडची वाटावीत. नववर्ष हा 'नव्याचा सण'. त्याच महिन्यात नव्या धान्याची खीर होई, तो 'खिरीचा सण'. आपल्या होळीच्या सुमारास येणारा पुरीम हा 'होळीचा सण'. ऐन पावसाळ्यात, यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडीत, म्हणून तो 'बिरड्याचा सण'. घरात शुभकार्य झाले किंवा नवस फेडायचा असला की भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून एलियाहू प्रेषिताच्या नावाने मलिदा होतो.

आणि योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण', दारे लावून घेण्याचा दिवस. आदल्या सांजेपासून दुसऱ्या सांजेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. पांढरी वस्त्रे आणि वर्षभराच्या अपराधांची क्षमायाचना. निर्जळी एकादशी करणाऱ्या आमच्या माताभगिनींना या व्रताचे मोल वेगळे सांगावयास नको. पूर्वी या दिवशी घराबाहेर पाऊल पडत नसे. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' येई. दार उघडे, दानधर्म होई, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भेटी होत. दार मिटायचे ते अंतःकरण झाडून घेण्यासाठी आणि मग अधिक मोकळेपणाने उघडण्यासाठी, हा त्यातला अर्थ.

दार मिटणारी ही स्त्री जगापासून दूर राहिली असेही कोणी समजू नये. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा सांभाळून असंख्य मातांची सेवा करणाऱ्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळविणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजाच्या कन्या होत्या.

परंतु आज त्या गृहिणीच्या मनात एक निराळीच चिंता आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार यहुदी होते. २००१ साली ते पाच हजारांहूनही कमी उरले. सामुदायिक प्रार्थनेला रूढीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात; कोकणातील जुन्या प्रार्थनालयांत तेवढे जमविणेही कठीण होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसवर अतिरेक्यांनी हल्ला केला, तेव्हापासून प्रार्थनेला जाताना दारी पोलिसांचा पहारा दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटले, तेव्हा ज्यांची मुले-नातवंडे तेथे आहेत अशा कितीतरी आयांनी दूरध्वनीपाशी बसून रात्री काढल्या असतील. आईच्या काळजीला राजकारण कळत नाही. मूल सुखरूप असावे आणि कोणाच्याच घरचे मूल दगावू नये, एवढेच तिचे मागणे असते. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, ते योग्यच झाले. पण चिकाचा हलवा लेकीला कोणी शिकवायचा आणि शुक्रवारची वात उद्या कोणी लावायची, हे शासनाचा ठराव सांगू शकत नाही.

दार एका दिवसापुरते मिटणे निराळे आणि कायमचे मिटणे निराळे. हे दुःख केवळ त्यांचे आहे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या कोकणातही गणपतीपुरती उघडणारी आणि एरवी कुलूप पडलेली घरे थोडी का आहेत? आमच्या शहरांतल्या घरी सण बाजारातून विकत येतो आणि सासूने सुनेला, आईने लेकीला हाताला धरून शिकविण्याची रीत मागे पडते आहे. ग्रंथ बुडाले तरी धर्म वाचला, तो स्त्रियांनी हातांत जपला म्हणून. हात विसरले तर कपाटातले ग्रंथ वाचवू शकतील काय? आणि हा भार एकट्या स्त्रीवर टाकून पुरुषांनी मोकळे व्हावे, हेही न्याय्य नव्हे.

म्हणून आज सोने लुटताना दोन गोष्टी मनात धराव्यात, अशी आमची विनंती आहे. घरातील वडीलधाऱ्या बाईपाशी बसून तिच्या हातची एक तरी रीत नव्या पिढीने शिकून घ्यावी. आणि ज्यांच्या शेजारी असे एखादे बेने इस्रायली घर अजून नांदते आहे, त्यांनी दोन्ही दशम्या एकत्र येतील त्या वर्षी दुसऱ्या दिवशी, दार उघडल्यावर, आपट्याचे पान घेऊन त्या घरी अवश्य जावे. उंबरठा ओलांडून शेजाऱ्याच्या दारी जाणे, हेही सीमोल्लंघनच आहे.

सर्व वाचकांस विजयादशमीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!