नोंदवहीतील माणसाला बोलू द्या

नवी पेठेत कोणत्याही रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटले की पत्ता कळतो. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड कोंडणाऱ्या कायद्याची सोलापुरात उरलेली ही खूण. १८७१ च्या मूळ कायद्याला दुसराही एक भाग होता, याचा मात्र आपल्या चळवळींनाही विसर पडला आहे. वायव्य प्रांत, अवध व पंजाब येथे सरकारने ज्यांना ‘षंढ’ म्हटले, त्यांची नोंदवही ठेवण्याचा हा भाग. नोंदलेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर येणे, नाचणे, पैसे घेऊन खेळात उतरणे हा गुन्हा होता; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. ज्यांचे शरीर जन्मतःच स्त्री-पुरुष या साच्यात बसत नाही, अशा आंतरलिंगी व्यक्तींना वेगळे ओळखण्याची गरज त्या कायद्याला वाटली नाही. दप्तरात तपासणीचा शेरा राहिला. माणसाचे म्हणणे राहिले नाही.

ज्यांना कायद्याने रंगमंचच नाकारला, त्यांचा आवाज रंगमंचावरच परत आणणे हा योग्य न्याय ठरेल. एकपात्री प्रयोगाला नेपथ्य लागत नाही, थैली लागत नाही. वस्तीतला चौकही पुरतो. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ याच बळावर गावोगाव नेले. परंतु सावित्रीबाईंचे लेखन उपलब्ध होते. फ्रान्समधील एर्क्युलीन बार्बँ हिची नोंद १८६० साली न्यायालयाने स्त्रीऐवजी पुरुष अशी केली. १८६८ साली तिने आत्महत्या केली. तिचे आत्मकथन मागे राहिले म्हणून आज ती ऐकू येते. नोंदवहीतील माणसांनी असे काही ठेवलेले नाही. तेव्हा नटाने त्यांच्या तोंडी आपली करुणा घालू नये. शेरा वाचावा, थांबावे, आणि त्यापुढचे शब्द का नाहीत, हा प्रश्न प्रेक्षकांवर सोडावा. शक्य तेथे प्रयोग आंतरलिंगी कलावंतानेच करावा.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न नव्हे. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटर शर्यतीत मिळवलेले रौप्यपदक शांती सौंदरराजन हिच्याकडून लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले. २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तामिळनाडूने, जीवाला धोका नसताना आंतरलिंगी अर्भकांवर केल्या जाणाऱ्या लिंगनिश्चितीच्या शस्त्रक्रियांना बंदी घातली. मूल बोलू लागण्याआधीच त्याच्या शरीराचा निवाडा करणे ही त्या जुन्या नोंदवहीचीच रीत आहे. प्रयोग संपल्यावर कार्यकर्त्यांनी टाळ्यांवर समाधान मानू नये. महाराष्ट्रातही अशी बंदी व्हावी, ही मागणी तेथूनच उचलावी.