चुकून आलेले पत्र

पोस्टमन हाही माणूसच असतो. उन्हातान्हात आणि पावसापाण्यात तो दारोदार टपालाचा बटवडा करीत हिंडतो. अशा वेळी एखादे पत्र भलत्याच दारी पडले, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. अशी चूक क्षणभराची असते व तीत कोणाचा वाईट हेतू नसतो. परंतु ते पत्र ज्या घरात पडते, त्या घराची कसोटी मात्र त्या क्षणापासून सुरू होते. पोस्टमनची चूक तेथे संपते. यापुढे जे घडेल, त्याची जबाबदारी त्या घराची असते.

अशा चुका टाळण्यासाठी टपालखात्याने पुष्कळ यत्न केले आहेत. आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. एकट्या महाराष्ट्रातच वडगाव कितीतरी सापडतील. शिवाय पत्ते लिहिणारे लोक निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहितात. यास्तव १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकांचा पिनकोड सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. ते टपालखात्यातील अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. पुण्याच्या सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० असा आहे. त्यातील पहिल्या ४ या अंकावरून देशाचा विभाग कळतो, ४१ वरून उपविभाग कळतो, ४११ वरून पुणे कळते आणि शेवटच्या तीन अंकांवरून नेमके टपाल कार्यालय कळते.

परंतु पिनकोड पत्राला टपाल कार्यालयापर्यंत आणून सोडतो. तेथून दारापर्यंतची वाट माणसालाच चालावी लागते. एकाच इमारतीत दोन जोशी राहत असले, खोलीचा क्रमांक लिहावयाचा राहून गेला, किंवा एकाचा सात दुसऱ्याला एकासारखा दिसला, की सहाही अंक बरोबर असून पत्र चुकते.

आता अशी कल्पना करावी की, हे चुकलेले पत्र शेजारच्या खोलीतील गृहस्थांचे आहे. हे गृहस्थ एकटे राहतात. ते कोणाशी फारसे बोलत नाहीत. त्यांचे दार सदा लोटलेले असते. रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीत दिवा जळतो आणि पहाटे ते कोठेतरी निघून जातात. असा शेजारी असला, म्हणजे त्याच्याविषयी नाना तर्क होऊ लागतात. कोणी त्याला घमेंडखोर म्हणतो, कोणी चिक्कू म्हणतो, तर मुले त्याला गुप्तहेर ठरवून मोकळी होतात. अशा माणसाचे जाडजूड पाकीट आयतेच हाती येते. ते दिव्यासमोर धरून पाहावे, निदान पाठविणाऱ्याचे नाव तरी वाचावे, असा मोह कोणाला होणार नाही?

मोह होणे हा अपराध नव्हे. पण मोहाला बळी पडणे हा निश्चित अपराध आहे. कारण पत्र ही ठेव आहे. पाठविणाऱ्याने टपालहशील देऊन ती एका विशिष्ट माणसासाठी सोपविलेली असते. वाट चुकून ती दुसऱ्याच्या घरी आली, म्हणून तिची मालकी बदलत नाही. रस्त्यात चुकलेले मूल ज्याला सापडते, तो त्याला त्याच्या आईबापांकडे पोहोचवितो. आपल्या घरी ठेवून घेत नाही. पत्राचेही तसेच आहे.

या बाबतीत खुद्द टपालखात्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. काही पत्रांचा धनी सापडत नाही व त्यांवर पाठविणाऱ्याचाही पत्ता नसतो. अशी पत्रे एका वेगळ्या कार्यालयाकडे जातात. तेथे ती उघडण्याचा अधिकार नेमून दिलेल्या माणसांनाच असतो, आणि तोही पाठविणाऱ्याचा ठावठिकाणा शोधण्यापुरताच. ज्या खात्याच्या हातून लक्षावधी पत्रे जातात, ते खातेसुद्धा जर इतका संयम पाळते, तर शेजाऱ्याने किती पाळावा?

कोणी म्हणेल, ‘‘पाकिटाचे ठीक आहे, पण कार्ड तर उघडेच असते.’’ आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ सालापासून चालू आहे, आणि त्यावरील मजकुरावर नजर पडणे टाळता येत नाही, हेही खरे. परंतु नजर पडणे वेगळे आणि वाचीत बसणे वेगळे. त्याहूनही वेगळे म्हणजे वाचलेले चार घरी सांगत सुटणे. जे चुकून डोळ्यांत आले, ते ओठांवर येऊ न देणे हे तर प्रत्येकाच्या हाती आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. शेजाऱ्याशी भांडण झालेले असले, किंवा आपले पत्र त्याने पूर्वी आठवडाभर ठेवून घेतले असले, तर त्याचे पत्र आपण धावतपळत का पोहोचवावे? या प्रश्नाचे उत्तर असे की, प्रत्येक पत्राला दोन माणसे असतात. एक ते घेणारा आणि दुसरा ते पाठविणारा. भांडण असलेच, तर ते घेणाऱ्याशी असेल. दूर गावी बसून उत्तराची वाट पाहणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाने कोणाचे काय वाईट केले आहे? बंद पाकिटात काय आहे, हे बाहेरून कळत नाही. त्यात नोकरीच्या मुलाखतीची तारीख असू शकेल, न्यायालयाची नोटीस असू शकेल, किंवा आजारी आईने मुलाला घातलेली हाक असू शकेल. आज निरोप क्षणात पोहोचविणारी साधने घरोघरी आहेत, तरीही पारपत्रासारखे महत्त्वाचे कागद टपालानेच येतात. हेव्यापोटी चार दिवस दडविलेले पत्र पाचव्या दिवशी पोहोचविले, तरी हुकलेली मुलाखत परत येत नाही.

तेव्हा करावयाचे ते साधे आहे. पाकिटावरील पत्ता नीट वाचावा. पत्र शेजारचे असेल, तर घरातील वडीलधाऱ्यांना सांगून ते त्याच दिवशी, न उघडता नेऊन द्यावे. शेजारी घरी नसेल, तर ते त्याच्या टपालपेटीत टाकावे. नाव अनोळखी असेल किंवा तो माणूस घर सोडून गेला असेल, तर तसे पाकिटावर लिहून ते पोस्टमनला परत द्यावे. चुकून पाकीट फोडले गेलेच, तर ते पुन्हा चिकटवून चूक लपवू नये. काय झाले ते सरळ सांगावे. आणि स्वतः पत्र लिहिताना पूर्ण नाव, खोलीचा क्रमांक व पिनकोड सुवाच्य अक्षरांत लिहावा, म्हणजे दुसऱ्यावर असा प्रसंगच येणार नाही.

पत्र घेऊन गेलेल्या मुलासाठी ते लोटलेले दार उघडेल. कदाचित शेजारी हसून आत बोलावील. कदाचित ‘‘बरं’’ एवढेच म्हणून तो पत्र घेईल व दार पुन्हा लावून घेईल. तसे झाले, तरी मुलाने खट्टू होऊ नये. पत्र आणून दिले, म्हणून शेजाऱ्याने आपली सारी हकीकत सांगितली पाहिजे, असा काही करार नसतो. रात्री उशिरापर्यंत दिवा का जळतो, हे त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा तो सांगेल. न वाटल्यास सांगणार नाही.

माणसाचे मनही एका परीने बंद पाकीटच असते. त्यावर बाहेरून जेवढे लिहिलेले दिसते, तेवढेच वाचण्याचा हक्क इतरांना असतो. आतला मजकूर ज्याचा त्याने उघडावयाचा असतो. शेजाऱ्याचे पत्र न फोडता त्याच्या हाती देणारा मुलगा नकळत हेच शिकत असतो. अशा मुलांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला दाराची कडी लावावीशी वाटली, तरी ती भीतीपोटी लावावी लागत नाही.